ओवाळणीत पिल्लू : बहिणीला 'नको' म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात नोकरीला, आई-वडील अंबाजोगाईला, बहीण लातूरला दिलेली. भाचा नऊ वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपासून त्यानं कुत्र्याचा हट्ट धरलाय. यंदा भाऊबीजेला कुणालाही न सांगता लॅब्राडोरचं पिल्लू घेऊन जायचं तुम्ही ठरवलंय. विकणाऱ्याला पाच हजार रुपये आगाऊ दिलेत. भाऊबीजेला पिल्लू बरोबर ४५ दिवसांचं होईल, हेच नेण्याचं योग्य वय, असं तो म्हणतो. तुम्ही विचारलंय की एवढं पिल्लू पुण्याहून लातूरच्या प्रवासाला चालेल का, पहिले काही दिवस त्याला खायला काय द्यायचं, आणि नर घ्यावा की मादी.

तिन्ही उत्तरं पुढं देते. पण तुमच्या सगळ्या लिहिण्यात बहीण फक्त एकदाच येते, तीही भाच्याची आई म्हणून. माझ्या अनुभवात सगळी गोष्ट तिच्यापाशीच येऊन थांबते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. सुरुवातीची वर्षं देवणी आणि लाल कंधारी जनावरांच्या गोठ्यागोठ्यांतून फिरले, आणि गेली १९ वर्षं लातुरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. टेबलावर नवं पिल्लू आलं की त्याचं नाव विचारायच्या आधी मी एकच विचारते, "याला सकाळी खायला कोण घालतं?" घरानं मिळून, ठरवून आणलेलं पिल्लू असेल तर उत्तर लगेच येतं. कुणीतरी भेट दिलेलं असेल तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मग जिनं पिशवीत पिल्लाचा टॉवेल आणि वाटी आठवणीनं आणलेली असते, ती मागून हळूच म्हणते, "मीच की."

भाच्यावरच्या तुमच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ओवाळणी ही काय गोष्ट आहे ते बघा. साडीचा रंग आवडला नाही तर ती कपाटात राहते. घरात दोन मिक्सर झाले तर एक नणंदेकडं जातो. पिल्लू कपाटात राहत नाही, आणि ओवाळणी परत करायची आपल्यात रीत नाही. डोळ्यांपुढं आणा : ताटात निरांजन आहे, भाऊ सहा-सात तासांचा प्रवास करून आलाय, लेकरू पिल्लाला छातीशी धरून नाचतंय, सासू-सासरे समोर बसलेत. त्या वेळी बहिणीनं "दादा, मला हे झेपायचं नाही" म्हणायचं ठरवलं तरी तोंडातून शब्द कसा निघावा? ती हसेल. फोटोतही खूश दिसेल. तुम्ही पुण्याला परताल, लेकराच्या सुट्ट्या संपतील, आणि पहाटे पाचला लादीवरची शी पुसायला तीच उठेल.

सरप्राइज द्यायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची जागाच ठेवायची नाही, असा त्याचा अर्थ इथं होतो. वस्तूच्या बाबतीत ते चालून जातं. बारा वर्षं जगणाऱ्या जिवाच्या बाबतीत ती जागा ठेवावीच लागते, कारण आज गिळलेला नकार सहा-आठ महिन्यांनी बाहेर येतो, आणि तेव्हा त्याची किंमत कुत्रं मोजतं.

ती किंमत कशी असते, ते एका येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, बघितलेलं सांगते. एका ओळखीच्यांच्या शेतात आम्ही वेळ अमावस्येला गेलो होतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबिलाची पंगत उठली, आणि मी जनावरं बघायला म्हणून गोठ्यामागं गेले. तिथं लिंबाच्या बुंध्याला एक फिकट पिवळा लॅब्राडोर बांधलेला होता. चारेक वर्षांचा असावा. साखळी हातभर. गळ्यातला पट्टा लहानपणीचाच असावा, इतका रुतलेला की खालचे केस गेलेले. कानाच्या पाळ्या उलटून बघितल्या तर आत गोचिडांचे घोस. मी त्याच्यासमोर बसले तसा त्यानं उजवा पाय उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. पुन्हा खाली घेतला, पुन्हा ठेवला. मागून सालगडी म्हणाला, "सगळ्यांनाच देतो मॅडम. कुणी बी समोर बसलं की हात पुढं करतो."

कुणीतरी लेकरानं त्याला ते शिकवलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की तो एका दिवाळीत मामानं आणून दिलेला. नऊ-दहा महिन्यांचा झाल्यावर फिरवताना त्यानं दुसऱ्या कुत्र्याकडं झेप घेतली, पट्टा धरलेली आई रस्त्यावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लॅस्टर असेपर्यंत त्याला शेतावर ठेवायचं ठरलं. प्लॅस्टर निघालं, पण कुत्रं शेतावरच राहिलं. ते कुटुंब वाईट नव्हतं. "फ्लॅटपेक्षा शेतावर मोकळा राहील" असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण घरात वाढलेलं कुत्रं शेतावर मोकळं राहत नाही. ते रस्त्याकडं पळतं, कोंबड्यांमागं लागतं, म्हणून दोन दिवसांत बांधलं जातं. लस द्यायला, गोचिड काढायला तिथं कुणाला सवड नसते. आपल्याकडं नकोसं झालेलं कुत्रं सरळ रस्त्यावर सोडणारे मला कमी भेटले. शेतावर नेऊन बांधणारे फार भेटले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात जनावराला अवाजवी आखूड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा आहे आणि ते उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत टाकून देणं हाही. पण यातला कुठलाही गुन्हा पहिल्यांदा केला तर त्यात दंड आहे १० ते ५० रुपये. कायद्याचा धाक दाखवून मी कुणाला अडवू शकत नाही, म्हणून पिल्लू घरात यायच्या आधीच बोलते.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणीसेवी संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. कुत्रं किंवा मांजर भेट म्हणून मिळालेल्या लोकांना त्यांनी फोनवरून विचारलं. त्यातली ८६ टक्के जनावरं तेव्हाही त्याच घरात होती. भेट म्हणून मिळाल्यामुळं त्या जनावरावरची माया कमी झाली असंही फारसं कुणी म्हटलं नाही, आणि आधी सांगून दिलं की अचानक, यानंही फरक पडलेला दिसला नाही. त्यामुळं भेट आलेलं प्रत्येक कुत्रं टाकलंच जातं, असं मी म्हणणार नाही. भेट आलेली आणि सात-आठ वर्षं राजासारखी नांदलेली कुत्री माझ्याकडंही येतात. पण ते सर्वेक्षण तिथल्या घरांचं आहे. तिथं नाही जमलं तर जनावर नेऊन द्यायला गावोगाव निवारा असतो. आपल्याकडं निवारा म्हणजे बहुतेक वेळा तो लिंबाचा बुंधा. शिवाय जनावर घरात आहे एवढ्यावरून त्याचं कोण करतं आणि त्या माणसाला विचारलं होतं का, हे कळत नाही. माझी हरकत भेटीला नाही. ज्याच्यावर भार पडणार त्याला न विचारण्याला आहे, आणि दुसरी, दिवाळीच्या मुहूर्ताला आहे.

मुहूर्ताकडं वळते, म्हणजे तुमच्या ४५ दिवसांकडंही. हा आकडा बाजारात का रूढ झाला, तर विकणाऱ्याच्या सोयीमुळं. महिनाभरानंतर पिल्लं आईच्या दुधावर भागत नाहीत, खाद्याचा खर्च सुरू होतो, लस द्यायची वेळ येते. तो खर्च गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायला ४५ दिवस बरे पडतात. २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दल नियम केले. त्यानुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते. तुमच्या विकणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. उत्तर देताना तो काय करतो ते बघा.

त्यातही सांगितलेले ४५ दिवस खरे असतील याची खात्री नाही. दिवाळीत मागणी असते, त्यामुळं तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं ४५ दिवसांची म्हणून खपतात. वय तोंडात बघून कळतं. पुढचे बारीक दात साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतात, मागच्या दाढा त्यानंतर. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. पिल्लाचा ओठ बाजूनं वर उचला. मागं नुसती गुलाबी हिरडी दिसली, तर समोरचा माणूस काहीही सांगो, ते पिल्लू अजून आईचं आहे. वसुबारसेला आपण गायीची पूजा वासरासकट करतो, आणि त्याच आठवड्यात कुत्रीपासून तिचं पिल्लू तोडून ओवाळणीत नेतो, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. आठ आठवड्यांचं होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून दात किती जोरात लावायचा हे शिकत असतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो, आई गुरकावते. हे न शिकलेलं पिल्लू मग तुमच्या भाच्याच्या हातावर शिकतं.

आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांना विषाणूमुळं होणारा उलट्या-हगवणीचा जीवघेणा रोग. पिल्लाला पहिल्या दुधातून आईकडून रोगाशी लढायची शिदोरी मिळते. ती सहाव्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत, कधी त्याहूनही पुढं, हळूहळू सरत जाते. मधे असे काही दिवस येतात की शिदोरी रोग अडवायला पुरत नाही, पण लस लागू व्हायला मात्र आड येते. ते दिवस कुठल्या पिल्लाचे कधी येतील, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. म्हणून लस एकदाच देऊन चालत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. "एक इंजेक्शन झालंय" हे विकणाऱ्याचं वाक्य खरं असलं तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. ४५ दिवसांचं पिल्लू नेमकं या कच्च्या काळात घर बदलतं, प्रवास करतं, दहा पाहुण्यांच्या हातांतून फिरतं.

पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे विकणाऱ्याकडं लागण झालेलं पिल्लू तुमच्या हातात येतं तेव्हा अगदी खेळकर असतं. त्यामुळं दिवाळीनंतरचा आठवडा माझ्या दवाखान्यात सगळ्यात जड जातो. एका वर्षी फराळाच्या खोक्यात घालून एक पिल्लू आणलं, गळ्यात लाल रिबिनीचा बो अजून तसाच होता. आदल्या रात्रीपासून उलट्या, आणि मग तो रक्ताच्या हगवणीचा वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. त्याच्या पुढच्या पायाची शीर दोऱ्याएवढी बारीक. बारीकातली बारीक सुई तिसऱ्या प्रयत्नाला आत गेली. सातेक वर्षांची मुलगी टेबलाशी उभी राहून सलाईनचे थेंब मोजत होती. शंभर झाले की मला सांगायची. तिसऱ्या दिवशी पहाटे पिल्लू गेलं.

त्याच दुपारी मामांचा फोन आला, "उद्याच दुसरं घेऊन येतो, पोरगी रडतेय." मी हात जोडून नको म्हटलं. हा विषाणू फरशीवर, अंगणातल्या मातीत कित्येक महिने तग धरतो आणि आपल्या नेहमीच्या फिनाइलनं मरत नाही. एक भाग ब्लीचमध्ये तीसेक भाग पाणी घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. अंगणातली माती धुता येत नाही. अशा घरात नवं कोवळं पिल्लू आणलं तर त्याचंही तेच होण्याची भीती असते. आणायचंच तर लसींचा कोर्स पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणावं लागतं.

दिवाळीचे ते चार दिवस इतर बाबतींतही पिल्लासाठी वाईटच. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमाराला पिल्लू भित्रं होतं, तेव्हा बसलेली धास्ती पुढं लांबवर पुरते. नव्या घरातली पहिली रात्र, आई नाही, आणि बाहेर सुतळी बॉम्ब. घरात फराळ उघडा असतो. करंजीतल्या आणि चिवड्यातल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेट विषारीच आहे, आणि तळणाचं तूप-तेल पोट बिघडवतं. येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमानं एकेक तुकडा टाकतो. आणि हे सगळं होत असताना बहुतेक दवाखाने बंद असतात. माझ्याही कंपाउंडरला घरी जायचं असतं.

एक गोष्ट लेकरांसाठी, आणि ही कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. तीन महिन्यांच्या आत पिल्लाला रेबीजची लस झालेली नसते. त्याचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर "पिल्लूच आहे" म्हणून हळद लावून बसू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर हातात काही राहत नाही.

आता पुढच्या वर्षांचा हिशोब, जो सहसा कुणी मांडत नाही. लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो. वर्षाच्या आतच त्याचं वजन तुमच्या भाच्याएवढं होईल, पूर्ण वाढल्यावर २५ ते ३५ किलो. म्हणजे लेकराच्या हट्टानं आलेलं कुत्रं लेकराला आवरणार नाही. भाचा दहावीत जाईल तेव्हा कुत्रं सहा-सात वर्षांचं असेल. लातुरात अकरावी-बारावीची मुलं पहाटे क्लासला बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढं तो शिकायला बाहेर जाईल. कंबरेनं अधू झालेलं म्हातारं कुत्रं जिना उतरताना थांबेल, तेव्हा त्याच्याजवळ पुन्हा तुमची बहीणच असेल.

लातूरचं पाणीही विसरू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं या शहराला. आजही कित्येक भागांत नळ रोज येत नाही. लहान पिल्लू दिवसातून आठ-दहा वेळा मुततं, प्रत्येक वेळी पोछा. मोठं झालं की दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पारा ४२-४३ वर जातो तेव्हा दाट केसांच्या कुत्र्याला दुपारी थंड फरशी आणि कूलर लागतो. उष्माघातानं ४१ अंश सेल्सिअसच्या पुढं तापलेली कुत्री दर मे महिन्यात माझ्याकडं येतात, आणि सगळी वाचत नाहीत. खर्चाचं म्हणाल तर माझ्या अंदाजानं महिन्याला अडीच-तीन हजारांच्या खाली हे कुत्रं नीट पोसलं जात नाही, आजारपण वेगळं.

आणि मे महिन्यातच बहीण अंबाजोगाईला माहेरी येते. तेव्हा कुत्रं कुठं राहणार? माझं म्हणणं असं, की ज्यानं दिलं त्यानं तिचं माहेरपण कुत्र्यासकट करावं. आई-वडिलांना ते चालणार आहे का, हेही आधीच विचारून घ्या.

हे सगळं ऐकूनही काही घरांत मी स्वतः आणा म्हणते. बहिणीचाच अनेक दिवसांपासून विचार असेल, ती लहानपणी कुत्र्यांत वाढलेली असेल, घरात दिवसभर कुणीतरी असेल, सासूबाईंच्या सोवळ्याची अडचण नसेल, घर स्वतःचं असेल किंवा घरमालकाची हरकत नसेल, कुणाला दमा नसेल, तर तिच्या संमतीनं भावानं कुत्रं दिलं यात काहीच चूक नाही. वाड्यात राहणारं, आधीचं कुत्रं म्हातारपणानं गेलेलं घर असेल तर मी दुसऱ्यांदा विचारणारही नाही. बंद फ्लॅट, दोघं नोकरीवर, लेकरू शाळेत, अशा घरी मात्र लॅब्राडोरच काय, कुठलंच पिल्लू नको.

म्हणून पहिलं काम बहिणीला फोन. दुपारी करा, धुणंभांडी आटोपून ती एकटी असेल तेव्हा. "तुला कुत्रं चालेल का?" असं विचारू नका. आपल्या घरांत या प्रश्नाचं एकच उत्तर असतं, "चालेल की." असं विचारा : सकाळी साडेपाचला त्याला खाली कोण नेईल? दुपारी घरी कोण असतं? गावाकडं लग्नाला गेलात तर कुणाकडं ठेवाल? सासूबाई काय म्हणतील? आणि हेही सांगा, की तू नको म्हणालीस तर मला वाईट वाटणार नाही आणि भाच्याला यातलं काही कळणार नाही. मग ती गप्प राहिली, तर ते गप्प राहणंही ऐका.

ती मनापासून हो म्हणाली, तर भाच्याला एक काम द्या. हे मी दवाखान्यात पुष्कळ घरांना सांगते. १५ दिवस रोज सकाळी सहाला उठायचं, वीस मिनिटं फिरून यायचं, आल्यावर एक वाटी घासून ठेवायची. कुत्रं नसताना. बहुतेक मुलं पाचव्या-सहाव्या दिवशी गळतात, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही, नऊ वर्षांचं लेकरू तसंच असतं. पण आईला कळतं की हे काम कुणाकडं येणार आहे. कळल्यावरही ती हो म्हणत असेल, तर तो होकार पक्का.

मग पिल्लू आणायचं ते तुळशीची लग्नं आणि फटाके संपल्यावर, शाळेचं दुसरं सत्र सुरू होऊन घराची घडी बसल्यावर. थंडीत रात्री खाली गोणपाट आणि उबेला जुनी चादर एवढं पुरतं. निवडायला बहीण आणि भाचा दोघांनी जावं. जातीचा आग्रह सोडलात तर आपल्या उन्हाला गावठी पिल्लू सगळ्यात चांगलं टिकतं, आणि ते विकत घ्यावं लागत नाही. मोकळी जागा आणि रोज पळवायला माणूस असेल तर आपल्या भागातले कारवानी जातीचे शिकारी कुत्रेही आहेत, पण ते फ्लॅटचं कुत्रं नव्हे.

आता तुमचे तीन प्रश्न. प्रवास : ४५ दिवसांच्या पिल्लाला नको. आठ आठवडे आणि पहिली लस झाल्यावर, गाडीनं, सकाळच्या गारव्यात. वाटेत ढाब्यावर जमिनीवर उतरवायचं नाही, पार्व्हो तिथंच असतो. खाणं : पहिला आठवडा विकणाऱ्याकडं जे खात होतं तेच, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. बदल करायचा तो त्यानंतर हळूहळू. गायी-म्हशीचं दूध नको, जुलाब होतात. जंताचं औषध घरी पोचल्यावर लगेच डॉक्टरांना विचारून. नर की मादी : माया दोघांची सारखी. मादी सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, नर त्या वासानं घराबाहेर पळतो, आणि दोघांचीही नसबंदी करून घेणं चांगलं.

कुत्र्याऐवजी पोपट न्यावा असं कुणी सुचवलं तर तेही नको. आपला हिरवा पोपट आणि चांदणी कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. आठवडी बाजारातली रंगवलेली कोंबडीची पिल्लं तर चार दिवसही जगत नाहीत.

राहिले तुमचे पाच हजार. आजच विकणाऱ्याला सांगा की पिल्लू ६० दिवसांचं होईपर्यंत आईजवळच ठेव, मधल्या खाद्याचे आणि लसीचे पैसे मी वेगळे देतो. चांगला माणूस असेल तर ऐकेल. आगाऊ रक्कम बुडेल म्हणाला तर बुडू द्या. बहिणीशी बोलून झालं की ती काय म्हणाली ते मला कळवा. आणि पिल्लाचा ओठ वर करून दातांचा एक फोटो पाठवा, उजेडात काढलेला. वय मी बघून सांगते.